मदत हवी आहे: जाऊ गरोदर आहे, उलट्यांवर गांजा ओढते

आम्ही पेडण्याचे. माझी धाकटी जाऊ हरमलला असते, दिराचं तिथे गेस्ट हाऊस आहे. तिला अकरावा आठवडा चालू आहे. उलट्यांनी बेजार, पेजसुद्धा पोटात ठरत नव्हती. रविवारी गेले तर बसून भात जेवत होती. मला किती बरं वाटलं! मग तिनेच हळूच सांगितलं, जेवणाआधी गांजाचे दोन झुरके घेते. तिथल्या कुणी बाईने शिकवलं. "ताई, झाडपालाच तो, गोळ्यांपेक्षा बरा."

रागावू तरी कशी? किती दिवसांनी पोरगी दोन घास जेवत होती. पण रात्री डोळ्याला डोळा नाही. डॉक्टरांना सांगायला ती तयार नाही, पोलिसांत कळवतील म्हणते. बाळाला काही झालं असेल का? तिला समजावू कसं?

प्रतिसाद १
ताई, मी प्रसूती वॉर्डात नर्स होते. गांजातलं टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, वारेतून बाळापर्यंत पोचतं. ते चरबीत साठतं, पुढे अंगावरच्या दुधातही उतरतं. बाळाचं वजन कमी भरणं, दिवस भरण्याआधी बाळंत होणं, हे धोके वाढतात. गांजात तंबाखू मिसळत असेल तर त्याचा त्रास वेगळाच. पण म्हणून बाळाचं बिघडलंच असं नाही. आज सोडलं तरी फायदा आहे.

उलट्यांवर डॉक्सिलामाइन आणि बी-६ जीवनसत्त्वाची गोळी गरोदर बायकांना कित्येक वर्षं देतात. डॉक्टरांना गांजाचं खरं सांगा, ते उपचारासाठीच विचारतात. फक्त घरात साठा ठेवू नका, १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याने तो गुन्हा आहे. पाणीही ठरत नसेल, लघवी कमी होत असेल तर थांबू नका, म्हापशाच्या आझिलो इस्पितळात न्या. सलाईन लावावं लागेल.

आणखी एक. पुष्कळ दिवस नेमाने ओढणाऱ्यांना कधी कधी गांजामुळेच उलट्या लागतात. कढत पाण्याने अंघोळ केली की तेवढ्यापुरतं बरं वाटतं. तिचं तसं आहे का?

धागाकर्ती
तुमचं वाचून आत्ताच फोन केला. दिवसातून तीनदा कढत पाण्याने अंघोळ करते. खूप रडली. लग्नाआधीपासून ओढते म्हणाली, दिरालाही ठाऊक नाही. डॉक्टरांसमोर मी बोलेन, तू नुसती माझ्याजवळ बस, असं सांगितलंय. सकाळच्या पहिल्या बसने हरमलला जाते, तिथून दोघी म्हापशाला.