सहकारी म्हणते, ‘तुझ्या बाबांसाठी आम्ही प्रार्थना करतो’. म्हणजे नेमकं काय करतात?

गोदाकाठ (नाशिक)

नमस्कार. प्रश्न जरा वेगळा आहे, जाणकारांनी सांगावं.

माझ्या बाबांची बायपास पुढच्या आठवड्यात ठरली आहे. मी एका पतसंस्थेत कामाला आहे. माझ्या बाजूच्या टेबलावरची सहकारी ख्रिस्ती आहे, प्रॉटेस्टंट, माहेर संगमनेरकडचं. डबा खाताना तिला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मी प्रार्थना करीन.” आपण “काळजी घे” म्हणतो तसंच असेल, असं वाटून मी विसरूनही गेले. पण दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, “बाबांचं नाव काय? घरात काय हाक मारतात? किती वाजता आत नेणार? गुरुवारी आमच्या घरी प्रार्थना असते, तिथे विषय ठेवू का? तू नको म्हणालीस तर मी एकटीच करेन.”

मी हो म्हणून टाकलं. आता डोक्यात शंभर शंका. तिथे हे लोक बोलतात काय? आपण काही द्यायचं असतं का, नारळ-पेढे असं? बाबा माळकरी आहेत, हरिपाठ चुकवत नाहीत; त्यांना सांगावं की नको? आमच्या आत्याबाईंनी तर लगेच “धर्म बदलायला लावतील” म्हणून घाबरवून सोडलंय. आणि देव न करो, पण काही वाईट झालं, तर मी तिच्याकडे कोणत्या तोंडाने बघायचं आणि तिने माझ्याकडे?

पुराव्यानिशी (पुणे)

भावना समजू शकतो, वडिलांना शुभेच्छा. पण या विषयावर मोठा प्रयोग झालेला आहे आणि तोही नेमका बायपासच्या रुग्णांवर. 2006 साली ‘अमेरिकन हार्ट जर्नल’मध्ये निकाल छापून आला. 6 हॉस्पिटलं, 1802 रुग्ण, तीन गट. एका गटासाठी प्रार्थना झाली, दुसऱ्यासाठी नाही, आणि आपण कुठल्या गटात आहोत हे त्या दोघांनाही माहीत नव्हतं. तिसऱ्या गटाला स्पष्ट सांगितलं होतं की तुमच्यासाठी प्रार्थना होणार आहे. ऑपरेशननंतर गुंतागुंत किती जणांना झाली? पहिल्या गटात 52 टक्के, दुसऱ्यात 51, म्हणजे फरक शून्य. आणि ज्यांना सांगितलं होतं त्यांच्यात 59 टक्के! तेव्हा वडिलांना सांगू नका, एवढाच माझा सल्ला.

जुनी मास्तरीण (अहिल्यानगर)

सप्रेम सलाम, गोदाकाठ. मी नगरची, मिशन कंपाउंडमध्ये वाढलेली, निवृत्त शिक्षिका. आमच्याकडे अमेरिकन मराठी मिशनचं काम 1831 पासूनचं. तेव्हा या प्रार्थनांमध्येच लहानाची मोठी झाले म्हणा ना. बोलायची सवय आहे, जरा लांबेल.

आधी तुमच्या गुरुवारचं. पाच-पंधरा माणसं जमतील, सतरंजीवर, म्हाताऱ्यांना खुर्च्या. ‘उपासना संगीत’ या आमच्या गीतांच्या पुस्तकातलं एखादं गीत, बहुतेक नारायण वामन टिळकांचं, अभंगाच्या वळणाचं, त्यामुळे चाल तुमच्या बाबांनाही परकी वाटायची नाही. मग शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, एक उतारा वाचतील. मग कुणीतरी विचारेल, “प्रार्थनेचे विषय?” कुणाच्या मुलाची नोकरी, कुणाच्या सुनेचं बाळंतपण, आणि तुमच्या सहकारीण बाई तुमच्या बाबांचं नाव सांगतील. मग डोळे मिटून एकेक जण आपल्या शब्दांत मागेल. छापील मंत्र नाही. डॉक्टरांच्या हाताला यश दे, रक्त कमी पडू देऊ नको, भूल नीट उतरू दे, आयसीयूच्या बाहेर बाकावर बसलेल्या लेकीला घटकाभर झोप लागू दे, बिलाची सोय होऊ दे. शेवट “येशूच्या नावाने मागतो, आमेन.” मग चहा. झालं.

नाव का विचारलं? माझी आई रोज रात्री जेवणाआधी आळीतल्या सगळ्यांसाठी प्रार्थना करायची आणि कुणी राहू नये म्हणून घरांच्या क्रमानं जायची. पिठाच्या गिरणीपासून सुरुवात, विहिरीपाशी आमेन. मधे ख्रिस्ती घरं थोडीच. शिंपी, तांबोळी, व्याजानं पैसे देणारा तो सावकारसुद्धा. आम्ही पोरं भुकेनं कासावीस. एक डोळा किलकिला करून बघायचो, आणि शिंप्याचं नाव आलं की भाकरी आता तीन घरांवर आली हे कळायचं! एकदा ती तांबोळीणबाईंच्या नावापाशी थांबली, गप्पच राहिली, आणि आमेन न म्हणता उठून ताटात भाकरी-कालवण वाढून त्यांच्याकडे घेऊन गेली. दुपारी त्यांच्या घराचा धूर दिसला नव्हता, ते तिला तेव्हा आठवलं. आम्ही आणखी अर्धा तास उपाशी.

माणसाचं नाव घेतलं की त्याच्याकडे नीट बघावं लागतं. “सर्व आजाऱ्यांना बरं कर” म्हणून सुटता येतं. “सखाराम बापूंना बरं कर” म्हणून सुटता येत नाही. उद्या बापू कसे आहेत ते विचारायला जावं लागतं.

आता पुराव्यानिशी, तुमचे आकडे बरोबर आहेत, मी वाचलेत. पण त्याच अहवालात हेही आहे की प्रार्थना करणारे अनोळखी गट होते आणि त्यांना रुग्णाचं पहिलं नाव आणि आडनावाचं आद्याक्षर एवढंच कळवलं होतं. शिवाय ‘प्रार्थना नाही’ गटातल्या लोकांच्या बायका-मुलं, शेजारीपाजारी गप्प बसले होते असं थोडंच आहे? त्यांना कोण अडवणार? आणि त्या 59 टक्क्यांबद्दल खुद्द संशोधकांनीही तो योगायोग असू शकतो असंच म्हटलंय. तुमच्यावर विजय मिळवायचा म्हणून हे लिहीत नाही. प्रयोगानं प्रार्थना सिद्ध होईल अशी माझी अपेक्षा कधीच नव्हती. उलट तुमचा सल्ला अर्धा मला पटतो: आजाऱ्याच्या उशाशी दहा जणांनी उभं राहून मोठमोठ्यानं प्रार्थना केली की त्याला वाटणारच, आपलं काही खरं नाही. आमच्यात असले उत्साही लोक आहेत. एक भाऊ तर देवाला पूर्ण रिपोर्ट वाचून दाखवतात: “प्रभू, तुला ठाऊकच आहे, क्रिएटिनिन साडेचारवर गेलंय…” अहो, ठाऊक आहे ना त्याला, मग?

दुसरा प्रकार त्याहून वाईट. “अमक्यांच्या मुलीसाठी विशेष प्रार्थना करा, कारण सांगता येणार नाही, पण समजून घ्या.” संध्याकाळपर्यंत गावभर! प्रार्थनेच्या नावाखाली चाललेल्या चहाड्या मी जन्मभर ऐकल्या. म्हणून तुमच्या सहकारीणबाईंनी आधी परवानगी मागितली हे वाचून मला बरं वाटलं. बाई शहाणी आहे.

तुमच्या बाकीच्या शंका. द्यायचं काही नाही. बाबा घरी आल्यावर पेढे नेलेत तर खुशाल खातील, पण ती फेड नाही. बाबांना काही करावं, म्हणावं लागत नाही. बायबलात मार्काच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, दुसऱ्या अध्यायात गोष्ट आहे. कफर्णहूमला एका पक्षाघाती माणसाला चौघे जण खाटेवरून आणतात. दारात गर्दी, म्हणून छप्पर उसकटून त्याला वरून खाली सोडतात. तिथे लिहिलंय, येशूनं ‘त्यांचा’ विश्वास पाहिला. खाटेवरचा माणूस तोवर एक शब्द बोललेला नाही. तुमच्या सहकारीणबाई खाटेचा एक कोपरा धरू म्हणताहेत, एवढंच.

धर्म बदलण्याचं. आत्याबाईंची काळजी अगदीच हवेतली आहे असं मी म्हणणार नाही. मोठे मांडव, माईक, “आजच चंगाई घ्या”, म्हणजे प्रार्थनेनं लगेच बरे व्हा, असले प्रकार होतात आणि तिथे कुणी “गोळ्या बंद करा” म्हणालं तर तिथून तडक निघावं, मी ख्रिस्ती असून सांगते. पण दुसऱ्यासाठी मागणं ही त्याला आपल्यात ओढायची अट नसते. बायबलातल्या अब्राहामानं, देव नष्ट करणार होता त्या सदोम नगरासाठी देवाशी घासाघीस केली, 50 नीतिमान असतील तर? 45? 40? करत करत 10 पर्यंत आणलं. ते गाव काही त्याच्या देवाला भजणारं नव्हतं.

आणि वाईट झालं तर? सदोम वाचलं नाहीच. येशूचा प्रेषित पौल, त्यानं आपल्या शरीरातला काटा काढून टाक म्हणून तीनदा विनवलं, तो निघाला नाही. मरणाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत खुद्द येशूनं हा दुःखाचा प्याला टळो म्हटलं, टळला नाही. हे आमच्या शास्त्रातच लिहिलंय, कुणी लपवलेलं नाही. त्यामुळे “प्रार्थना केली आणि तरी…” असं तोंड लपवायची पाळी तुमच्या सहकारीणबाईंवर यायची नाही. माझे यजमान गेले तेव्हा त्यांच्यासाठी मागणारी माणसं पुष्कळ होती. त्यातलीच चौघं रात्रभर माझ्याजवळ बसून होती. “देवाची इच्छा” असं त्यांच्यातलं कुणी म्हणालं नाही, याचे उपकार मी विसरले नाही.

वसईचा माणूस

मास्तरीणबाईंनी छान लिहिलंय, पण ते प्रॉटेस्टंटांचं झालं. आम्हा कॅथलिकांकडे हे मिस्सामध्येच, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेतच, बसवलेलं आहे. रविवारी उपदेश आणि विश्वासांगीकार (आम्ही काय मानतो ते सगळ्यांनी मिळून म्हणणं) झाला की श्रद्धावंतांच्या प्रार्थना. एक जण पुढे जाऊन वाचतो, लोक म्हणतात, “हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक.” क्रमही साधारण ठरलेला: आधी चर्चसाठी, मग राज्यकर्ते आणि जगासाठी, मग संकटात असलेल्यांसाठी, शेवटी आपल्या गावासाठी. मधली कित्येक शतकं हे लोकांच्या तोंडातून गेलंच होतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनं, 1963 मध्ये ते परत आणायला सांगितलं. मी तरुणपणी वाचायचो तेव्हा फादरनी एकदा झापलं होतं, कारण मी पावसासाठी मागताना भातलावणीचं अख्खं वेळापत्रक दिलं!

शुभ शुक्रवारी (गुड फ्रायडेला) तर एकामागून एक दहा प्रार्थना असतात. एक ख्रिस्तावर विश्वास नसलेल्यांसाठी, एक देवच न मानणाऱ्यांसाठी. म्हणजे पुराव्यानिशीसाहेब, वर्षातून एकदा जगभर तुमच्यासाठी प्रार्थना होते आणि तुम्हाला कुणी विचारत नाही.

गोदाकाठ, मुंबईला कुणी नातलग असेल तर बुधवारी माहीमच्या चर्चमध्ये डोकावायला सांगा. 1948 पासून तिथे निरंतर साहाय्य मातेची, म्हणजे येशूची आई मारिया हिची, नोव्हेना (ठरावीक प्रार्थनांची भक्ती) चालू आहे. बिगरख्रिस्ती किती येतात बघा. लोक चिठ्ठ्या लिहून टाकतात, मागणीच्या आणि आभाराच्याही. आम्ही मारियेलाही सांगतो, “आम्हा पाप्यांसाठी आता आणि आमच्या मरणाच्या वेळी विनंती कर.” आणि गेलेल्यांसाठीही करतो, 2 नोव्हेंबरला आमची कबरस्तानं मेणबत्त्यांनी भरून जातात. बाईंना हे पटणार नाही, ठाऊक आहे.

जुनी मास्तरीण (अहिल्यानगर)

नाही पटत, वसईकर. मधला वकील कशाला, थेट मागावं. आणि गेलेल्यांचं देवावर सोपवलं की आमचं काम संपतं. पण तुमच्या मेणबत्त्या एकदा पाहिल्यात मी, भावजयीचं माहेर तिकडचं. वाद घालावासा वाटला नाही.

एक आठवलं म्हणून. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आमच्याकडे प्रार्थना सप्ताह असतो, रोज संध्याकाळी दुसऱ्यांसाठी. ही प्रथा विलायतेची वाटते, पण तिची हाक 1858 मध्ये आपल्या लुधियानाच्या मिशनऱ्यांनी दिली आणि 1860 च्या जानेवारीत ती सुरू झाली. आणि केडगावला आपल्या मुक्ती आश्रमात पंडिता रमाबाईंनी 1905 च्या जानेवारीत मुलींना विचारलं, रोज माझ्याबरोबर प्रार्थनेला कोण बसेल, तेव्हा 70 जणी उठल्या. त्यातल्या कितीतरी दुष्काळात उचलून आणलेल्या. ज्यांच्यासाठी जगानं मागायचं, त्याच दुसऱ्यांसाठी मागायला बसल्या.

पुराव्यानिशी (पुणे)

न विचारता प्रार्थना! तक्रार कुठे नोंदवायची? :)

बाई, अनोळखी गटाचा मुद्दा मान्य. मात्र मग प्रयोग कुठल्याच पद्धतीनं करता येणार नाही, हेही मान्य करा.

जुनी मास्तरीण (अहिल्यानगर)

केलं मान्य.

गोदाकाठ (नाशिक)

सगळ्यांचे आभार. काल बाबांना सांगून टाकलं. लपवणं जमेना. थोडा वेळ माळेशी चाळा करत बसले, मग म्हणाले, “तिला म्हणावं, आदल्या रात्री डॉक्टरला झोप लागू दे असं माग. सकाळी सातला कापणार आहे मला.” आत्याबाई अजून फुरंगटलेल्याच आहेत.

आता खरी अडचण. हॉस्पिटलनं रक्तासाठी बदली दाते, म्हणजे बाबांना लागेल त्या रक्ताच्या बदल्यात पेढीला रक्त देणारी माणसं, आणायला सांगितलंय. आमच्या घरात एक मधुमेही, एक नुकताच काविळीतून उठलेला. भाऊ दुबईत.

जुनी मास्तरीण (अहिल्यानगर)

मग हे इथे काय लिहिताय? गुरुवारचा विषय हाच. सहकारीणबाईंना सांगा की दाते हवेत, रक्तपेढी कुठली आणि किती वाजेपर्यंत उघडी असते तेही सांगा. प्रार्थनेला तरुण मुलं येतातच, त्यांची आमेन म्हणून झाली की तिकडे पाठवायची. उपाशीपोटी जाऊ नका म्हणावं. बदली दात्याचा गट जुळलाच पाहिजे असं बहुधा नसतं, पण पेढीला फोन करून विचारून घ्या. बाबांचा कुठला?

गोदाकाठ (नाशिक)

बी पॉझिटिव्ह. आत्ताच तिला फोन लावते.

वसईचा माणूस

माझा भाचा नाशकात शिकतो. निरोप पाठवा, त्याला पाठवतो.