मदत हवी आहे: शेन ओ'नीलचं धड कुठे पुरलं?

आयर्लंडमधल्या अल्स्टर प्रांताचा सरदार शेन ओ'नील जून १५६७ मध्ये कुशेंडन गावी मॅकडॉनेल घराण्याच्या हातून मारला गेला. मुंडकं डब्लिनच्या किल्ल्यावर टांगलं गेलं, म्हणजे प्रश्न फक्त धडाचा. कुशेंडनजवळ त्याच्या नावाची दगडांची रास दाखवतात; दुसरी दंतकथा ग्लेनआर्मच्या फ्रान्सिस्कन (ख्रिस्ती साधूंच्या) मठाची. आर्माहून धड मागायला आलेल्या साधूला मठप्रमुखाने म्हणे विचारलं, "आमच्या जेम्स मॅकडॉनेलचा देह आणलात का?" (जेम्स १५६५ मध्ये शेनच्याच कैदेत मेला, टोमणा झोंबणाराच!) माझ्या मते रास नुसती मारल्याच्या जागेची खूण असावी.

राशीचं उत्खनन कधी झालंय का? आणि मठाची कथा एकोणिसाव्या शतकाआधीच्या लिखाणात कुठे येते? प्रवासवर्णनं नकोत, ती एकमेकांवरून उतरवलेली असतात. सालासकट मूळ नोंद सांगा.