मदत हवी आहे: गॅरेजचं ऑइल पावसाळी नालीत जातंय

नागपुरातल्या आमच्या गल्लीची पावसाळी नाली थेट नाग नदीत उतरते, मध्ये शुद्धीकरण काहीच नाही. कोपऱ्यावर दुचाकीचं गॅरेज आहे. पहिला पाऊस पडला की जाळीपाशी इंद्रधनुष्यासारखा तवंग दिसतो, वासही तसाच.

गॅरेजवाला भाऊ चांगला आहे. जुनं ऑइल तो डब्यात साठवतो आणि विकतो, पण फरशी धुतलेलं पाणी नालीतच सोडतो. आम्ही जाळीवर गोणपाट बांधून पाहिलं. दोन तासांत पालापाचोळ्याने तुंबलं आणि पाणी शेजारच्या काकूंच्या अंगणात शिरलं. सप्टेंबर २०२३ च्या पुरानंतर नाली अडवायचं नाव काढलं तरी लोक भडकतात, आणि बरोबरच आहे म्हणा! तक्रारही दिली, नाली साफ झाली, पुढच्या पावसात पुन्हा तेच.

आता गॅरेजच्या आतच ऑइल अडवणारा छोटा चेंबर बांधायचा विचार आहे, म्हणजे ऑइल वर तरंगेल आणि पाणी खालच्या पाइपने जाईल. जागा जेमतेम तीन बाय दोन फूट, खर्च वर्गणीतून, रस्ता फोडता येणार नाही. धुण्याचं पाणी दिवसाला दोन-तीन बादल्या.

नागपुरात कोणी असं बांधलंय का? खोली किती ठेवली, आणि वर साचलेलं ऑइल काढून कुणाला देता?