पेशंट बदलताना स्पिरिटनं चेअर पुसली की झालं का?

बार्शीची_बीडीएस: नुकतंच दातांचं छोटं क्लिनिक टाकलंय. एक चेअर, हाताखाली एक मुलगी, संध्याकाळी गर्दी. पेशंट उठला की ती स्पिरिटच्या बोळ्यानं चेअर, लाईटचं हँडल, ट्रे पुसते आणि पुढचा बसतो. पुरतं का एवढं? हायपोनं (सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीच) चेअरचं रेक्झिन खराब होतं म्हणतात, ते खरं का?

दाढदुखे_सांगली: नाही पुरत, डॉक्टर. रक्त-लाळ असलेल्या जागी स्पिरिट फिरवलं की प्रथिनं तिथंच घट्ट बसतात. शिवाय पंख्याखाली ते क्षणात उडतं, आणि जंतू मरायला जागा काही मिनिटं ओली राहावी लागते. हिपॅटायटिस बी चा विषाणू सुकलेल्या रक्तातही सात दिवस तग धरतो. म्हणून आधी साबणपाण्याच्या फडक्यानं पुसून काढायचं, मग जंतुनाशक लावायचं आणि डब्यावर जेवढी मिनिटं लिहिलीत तेवढं ओलं ठेवायचं. पुसल्या पुसल्या कोरडं करणाऱ्या मुलींना मी फार ओरडतो.

हायपोचं खरं आहे. रेक्झिन कडक होतं, धातूला गंज चढतो. रक्त सांडलं तिथं वापरा, नंतर साध्या पाण्यानं पुसा. पातळ केलेला हायपो रोज ताजा करा आणि ॲसिडजवळ नेऊ नका, क्लोरीन सुटतो.

गर्दीला उपाय म्हणजे क्लिंग फिल्म. लाईटचं हँडल, स्विचेस, थ्री-वे सिरिंज (तोंडात हवा-पाणी सोडायची) गुंडाळा, पेशंट उठला की सोलून नवी लावा. फाटली नसेल तर ती जागा संध्याकाळी एकदा पुसली तरी चालते.

आता तुम्ही न विचारलेलं सांगतो: पाणी. एअरोटरची (दात कोरायच्या ड्रिलची) जुनी पाण्याची नळी बदलाल तेव्हा उभी चिरून बघा. आतून बुळबुळीत थर असतो, नखानं खरवडला की निघतो. रात्रभर पाणी साचलं की त्या थरात जंतू माजतात आणि सकाळी फवाऱ्यातून थेट तोंडात. इटलीत 2011 मध्ये 82 वर्षांच्या एक बाई लिजिओनेलानं (पाण्यात वाढणारा, न्यूमोनिया करणारा जंतू) गेल्या, जंतू दवाखान्याच्या पाण्यात सापडला. 2016 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइमला दुधाच्या दातांची पल्पोटॉमी (दाताच्या वरच्या भागातली नस काढणं) केलेल्या मुलांच्या जबड्यात मायकोबॅक्टेरियम ॲबसेसस हा पाण्यातला जंतू गेला, काहींचे पक्के दातही गेले. अशा पाण्यासाठी अमेरिकेच्या सीडीसीची (सरकारी रोगनियंत्रण संस्था) मर्यादा मिलिलिटरला 500 जंतूंची. दोन पेशंटमध्ये वीस-तीस सेकंद पाणी सोडा, पण त्यानं थर निघत नाही. बाटलीत नळ्यांसाठीचं औषध घालावंच लागतं. दाढ काढताना हाड कोरायचं असेल तर त्या नळीचं पाणी नकोच, निर्जंतुक सलाईन घ्या.

मिरज_लॅबवाला: स्वॅब घ्यायला जातो तेव्हा चेअर बऱ्यापैकी स्वच्छ असते. सापडतं ड्रॉवरच्या मुठीवर, एक्स-रेच्या बटणावर आणि डॉक्टरांच्या मोबाईलवर. लाळेचे ग्लोव्हज घालूनच ड्रॉवर उघडतात ना सगळे!

बार्शीची_बीडीएस: ड्रॉवरचं आमच्याकडेही तेच चालतं 😅 सर, आमचं पाणी बोअरचं आहे, आरओ बसवला तर औषध लागणार नाही ना?

दाढदुखे_सांगली: लागेल. आरओनं क्षार जातात, नळीतला थर तिथंच राहतो. आणि लागणारं सामान पेशंट बसण्याआधीच ट्रेत काढून ठेवा. तरीही ड्रॉवर उघडायची वेळ आलीच, तर ग्लोव्हज उतरवा किंवा मुलीला काढायला सांगा. मोबाईल बाहेरच्या टेबलावर. बायकोचा फोन आला तरी.