बायबलमध्ये समलिंगी नातं आहे का? दावीद-योनाथानवरून प्रश्न पडलाय

नगरी_पोरगं

नमस्कार मंडळी. विषय नाजूक आहे, भांडू नका प्लीज.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, शनिवारी संध्याकाळी तरुणांचा बायबल स्टडी असतो. आठ-दहा जण, चटईवर बसायचं, नंतर चहा-खारी. ह्या वेळी २ शमुवेलचा पहिला अध्याय होता, शौल राजा आणि त्याचा मुलगा योनाथान गिलबोवाच्या डोंगरावर लढाईत पडतात आणि दावीद त्यांच्यासाठी विलापगीत म्हणतो तो. वाचायची पाळी माझी. २६ वं वचन आलं, त्यात दावीद म्हणतो की योनाथाना, तुझं माझ्यावरचं प्रेम बायकांच्या प्रेमापेक्षाही जास्त होतं, आणि मागून एकजण फिस्सकन हसला, मग काय सगळेच. पाळकसाहेबांनी चष्मा वर सरकवला आणि म्हणाले पुढं वाच. आता पुढं अध्यायात एकच वचन उरलेलं!

हसले ते हसले, पण माझ्या शेजारचा मित्र हसला नाही, चटईची काडी उपटत बसला होता. त्याचं मला माहितीये, बाकी कुणाला नाही. परत येताना गाडीवर मागून त्याने विचारलं, खरंच आहे का रे त्याच्यात माझ्यासारख्या कुणाची गोष्ट? मी म्हणलं बघून सांगतो. नेटवर बघितलं तर अर्धे म्हणतात आहेच, अर्धे म्हणतात नरकात जाशील. कुणीतरी नीट सांगा. वचनं दिली तर बरं.

वसईची_मावशी

अरे बाळा, मी धर्मग्रामात बरीच वर्षं पोरांना धर्मशिक्षण शिकवलंय, हा प्रश्न मला एका नववीतल्या मुलीने विचारला होता आणि मी तेव्हा सरळ विषय बदलला होता, त्याची अजून लाज वाटते. म्हणून लिहिते.

दावीद-योनाथानचं सगळं वाच, नुसतं ते एक वचन नको. १ शमुवेल १८ मध्ये सुरुवात आहे. दावीद गल्याथाला मारून येतो आणि योनाथानचा जीव त्याच्या जिवाशी जडतो, असंच लिहिलंय. मग योनाथान अंगातला झगा काढून त्याला देतो, तलवार, धनुष्य, कमरपट्टा सगळं. आता हे नुसतं दोस्तीतलं गिफ्ट नाही, तो राजाचा मुलगा आहे, गादी त्याची, म्हणजे आपलं राजपुत्रपणच तो अंगावरून उतरवून मेंढपाळाच्या अंगावर घालतो. पुढं २३ व्या अध्यायात तोंडाने बोलूनच दाखवतो की तू राजा होशील आणि मी तुझ्या खालोखाल. त्याआधी २० व्या अध्यायात निरोपाची भेट, शेतात, दोघं एकमेकांचे मुके घेऊन रडतात, दावीद जास्त रडतो. आणि त्याच अध्यायात शौल भर जेवणावर पोराला आईवरून शिवी घालतो, म्हणतो इशायाच्या पोराला, म्हणजे दावीदाला, धरून तू स्वतःला आणि आईच्या नग्नतेला लाज आणलीस. हे वाक्य मला कायम खटकतं. कुणी म्हणतं राजकारणाचा राग आहे, कारण लगेच पुढं तो म्हणतो हा जिवंत आहे तोवर तुझं राज्य टिकणार नाही. पण लाज, नग्नता हे शब्द मधे आलेत खरे.

दुसरी बाजू पण सांगते. पुरुषांनी मुका घेणं त्या मुलखात रीतच होती, एसाव याकोबाला मिठी मारून मुका घेतो, पौल तर मंडळ्यांना लिहितो पवित्र चुंबनाने एकमेकांना सलाम करा. आमच्या लहानपणी होळी बाजारात दोन म्हातारे करंगळीत करंगळी अडकवून फिरायचे, त्यांना कुणी काय म्हणायचं नाही. आणि प्रेम हा शब्दसुद्धा तिथे राजकारणात चालतो, १ राजे ५ मध्ये सोराचा राजा हीराम दावीदावर प्रेम करायचा असं आहे, म्हणजे तह होता दोघांचा, देवदाराचं लाकूड यायचं.

माझं मत विचारशील तर अंथरुणापर्यंत ते होतं की नाही हे लिहिणाऱ्याने सांगितलेलं नाही, आणि नसलेलं आपण लिहू नये. पण अख्ख्या जुन्या करारात एका पुरुषाने दुसऱ्या पुरुषासाठी काढलेले असे शब्द दुसरे नाहीत. हसण्यासारखं तर त्यात काहीच नाही, तो मेलेल्या माणसासाठी रडतोय.

पाळकाचा_मुलगा

मावशींनी छान लिहिलं पण अर्धंच लिहिलं. दावीदाला मीखल, अबीगईल, अहीनवाम, बथशेबा एवढ्या बायका, योनाथानाला मुलगा, मफीबोशेथ, दोन्ही पायांनी लंगडा, त्याला पुढं दावीद स्वतःच्या पंगतीला बसवतो. हे मैत्रीचं आणि कराराचं नातं आहे, त्यात आजचं काही घुसडू नका.

आणि जिथं स्पष्ट लिहिलंय तिथं कुणी बोलत नाही. लेवीय १८:२२ आणि २०:१३, पुरुषाने पुरुषाशी स्त्रीसारखं निजू नये, दुसऱ्या ठिकाणी तर देहदंड. रोमकरांस १:२६-२७. १ करिंथ ६:९. सदोम-गमोरा उत्पत्ति १९. एवढी वचनं आहेत. मित्राला प्रेमाने सांगा, पण खोटं सांगू नका.

ग्रीक_अर्धवट

मी पुण्यात दोन वर्षं थिऑलॉजी केली आणि सोडली, त्यामुळे नावाप्रमाणे घ्या. पाळकाचा मुलगा दादांनी दिलेली वचनं आहेतच, लपवायचं काहीच नाही, पण एकेक उघडून बघूया.

सदोम सगळ्यात कमकुवत. तिथं गावातले पुरुष लोटाच्या दाराशी येऊन पाहुण्यांना बाहेर काढ म्हणतात, ती जबरदस्ती आहे, सामूहिक बलात्काराचा प्रयत्न. शास्ते १९ मध्ये गिबा गावात हुबेहूब तोच प्रसंग आहे आणि तिथं शेवटी एका बाईचा रात्रभर छळ होऊन ती उंबऱ्यावर हात टाकून मरते. ती गोष्ट वाचून कुणी म्हणत नाही की स्त्री-पुरुष संबंध वाईट. आणि यहेज्केल १६:४९ मध्ये सदोमचं पाप काय म्हणून सांगितलंय? गर्व, पोटभर अन्न, आराम आणि गरिबाला हात दिला नाही.

लेवीयातला शब्द हिब्रूत तोएवा, मराठीत अमंगळ किंवा ओंगळ करतात. आता हाच शब्द उत्पत्ति ४३:३२ मध्ये आहे, मिसरी लोक इब्र्यांच्या पंगतीला बसत नाहीत कारण त्यांना ते तोएवा. अनुवाद १४ मध्ये निषिद्ध खाण्यालाही तोच. म्हणजे बराचसा आपल्या विटाळाच्या जवळ जाणारा शब्द आहे, पण बराचसाच, कारण २०:१३ मधली शिक्षा विटाळाची नाही, ती मोठ्या गुन्ह्याची आहे, हे मान्य. आणि बाईने बाईशी निजण्याबद्दल लेवीयात एक अक्षर नाही.

१ करिंथ ६:९ मध्ये खरी गंमत आहे. दोन ग्रीक शब्द, मालाकोय आणि आर्सेनोकोयताय. मालाकोस म्हणजे मऊ. मत्तय ११:८ मध्ये येशू बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाविषयी बोलताना मऊ कपडे म्हणतो, तिथे हाच शब्द. माणसाला लावला की मग लाडावलेला, बायल्या, विकला जाणारा पोरगा, काहीही अर्थ निघतो. दुसरा शब्द पौलाच्या आधी कुठं सापडतच नाही, आर्सेन म्हणजे नर, कोयते म्हणजे बिछाना, आणि लेवीय २०:१३ च्या जुन्या ग्रीक भाषांतरात हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी आहेत, त्यामुळे पौलाने तिथूनच जोडून काढला असावा असं मला वाटतं. म्हणजे हा मुद्दा पाळकाच्या मुलाच्या बाजूने जातो, मी लपवत नाही. पण १९४६ साली इंग्रजी आरएसव्ही भाषांतराने दोन्ही शब्द मिळून एकच शब्द टाकला, होमोसेक्शुअल्स. हा शब्दच मुळी १८६९ मध्ये जर्मनमध्ये छापून आला! पौल एका कृतीबद्दल बोलत होता, तिथं एका जातीच्या माणसांवर शिक्का बसला, मग त्याने आयुष्यात काही केलेलं असो नसो. त्याच भाषांतराने १९७१ मध्ये तो शब्द काढला, पण तोवर पंचवीस वर्षं लोकांनी तो वाचलेला.

आता उलट बाजूचं पण ताणणं सांगतो. नेटवर शताधिपतीचं येतं, म्हणजे शंभर शिपायांवरचा रोमी अधिकारी, कफर्णहूमचा, मत्तय ८. त्याचा चाकर आजारी असतो, मूळ शब्द पाईस, म्हणून काही म्हणतात तो त्याचा प्रियकर होता. अरे पाईस म्हणजे पोरगा! आपल्याकडे पोरगा म्हटलं की घरचा मुलगा पण आणि हॉटेलात टेबल पुसणारा पण, नुसत्या शब्दावरून कसं कळणार. लूक त्याच गोष्टीत गुलाम असाही शब्द वापरतो. नाही म्हणता येत नाही आणि हो तर अजिबात म्हणता येत नाही.

सासूबाई_झिंदाबाद

रूथ आणि नामी कुणी घेतलं नाही अजून? तू जाशील तिथे मी येईन, तुझा देव तो माझा देव, तू मरशील तिथे मी मरेन. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात पास्टरने नवरा-बायकोला हेच वाचून दाखवलं आणि मी मागच्या बाकावर बसून विचार करतेय की हे सून सासूला म्हणतेय हो!! एवढी सून आपल्या सिरियलमध्ये तरी दाखवा.

त्यात १:१४ मध्ये रूथ नामीला बिलगून राहते तो हिब्रू शब्द दावाक, आणि उत्पत्ति २:२४ मध्ये नवरा बायकोला जडून राहतो तिथेही दावाकच. त्यावरून लोक बरंच काही बांधतात. पण मी पुढं वाचलं तर दुसऱ्याच अध्यायात बवाज तिला सांगतो माझ्या शेतातल्या पोरींना धरून राहा, तिथं पण दावाक. १३७ व्या स्तोत्रात तर जीभ टाळूला चिकटते तो पण तोच. सो, नुसत्या शब्दावर नाही जमत. रूथ शेवटी बवाजशी लग्न करते, पोर होतं, ते दावीदाचं आजोबा. पण ते पोर नामी उराशी घेते आणि शेजारणी म्हणतात नामीला मुलगा झाला. मला हे फार आवडतं, का ते विचारू नका.

कट्ट्यावरचा

मी ख्रिश्चन नाही, पण एक गोष्ट आपल्या सगळ्यांच्या अंगावर आलीये म्हणून बोलतो. रोमकरांस पत्रात निसर्गाविरुद्ध असा शब्दप्रयोग आहे. इंग्रजांनी १८६० ला दंडसंहिता केली त्यात कलम ३७७, निसर्गक्रमाविरुद्ध संभोग. चर्चमधली भाषा कोर्टात गेली आणि तिथून आमच्या हिंदू, मुसलमान, कुणाच्याही घरात. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने सज्ञान माणसांच्या राजीखुशीपुरतं ते काढलं. मी त्या दिवशी ऑफिसच्या जिन्यात बसून बातमी वाचली, दोनदा. एवढंच.

पाळकाचा_मुलगा

ग्रीक दादा, यहेज्केल १६:४९ दिलंत, ५० पण वाचा. त्यात सदोमने अमंगळ केलं असं आहे, तोच तुमचा तोएवा. अर्धं वचन मी पण देत नाही, तुम्ही पण देऊ नका. ३७७ बद्दल मात्र, कुणाला जेलात टाकावं असं मी कधी म्हणलेलं नाही.

ग्रीक_अर्धवट

पकडलंत. बरोबर, ५० मध्ये आहे. ते कशाबद्दल आहे हे सांगितलेलं नाही, पण आहे, मी गाळायला नको होतं.

वसईची_मावशी

आमच्या कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात पण असंच आहे रे, एका परिच्छेदात ही कृती चुकीची म्हणतात आणि लगेच पुढच्यात सांगतात ह्या माणसांना आदराने, करुणेने वागवा, अन्याय्य भेदभाव नको. पहिला सगळ्यांना पाठ असतो.

नगरी_पोरगं

सगळ्यांचे आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. काल रात्री सगळं मित्राला वाचून दाखवलं, लेवीय पण दाखवलं, लपवलं नाही. तो शताधिपतीच्या गोष्टीला हसला, पोरगा-पोऱ्या त्याला पटलं. दावीदाचं म्हणला परत वाच. आमच्या घरी आजीच्या पेटीत पंडिता रमाबाईंचं भाषांतर आहे, केडगावचं, बायांनीच छापलेलं, पानं नुसती धरली तरी तुटतात, त्यातून वाचलं. मग म्हणला, पुढच्या शनिवारी २ शमुवेल दुसरा अध्याय ना, वाचायची पाळी मला मागून घे.

@पाळकाचा_मुलगा तुम्ही पण नगरचेच का हो?

पाळकाचा_मुलगा

राहुरी. ये कधी मित्राला घेऊन. वाद घालू, चहा माझ्याकडून.