पोरांचं जुनं दुखणं त्यांना आपल्या पद्धतीनं कसं समजवायचं?

फिजिओताई, खानापूर

नमस्कार मंडळी. मी फिजिओथेरपिस्ट, खानापूर भागात काम करते. माझ्याकडे अशी पोरं येतात की पोट म्हणा, पाठ म्हणा, पाय म्हणा, महिनोन्महिने दुखतंय, रक्त तपासून झालं, सोनोग्राफी झाली, कुणी तर बेळगावला जाऊन एमआरआय पण काढून आणलाय, आणि सगळं नॉर्मल. तीन महिन्यांच्या वर दुखणं राहिलं की त्याला क्रॉनिक पेन म्हणतात. त्यात औषधाइतकंच महत्त्वाचं म्हणजे दुखतं कसं हे पोराला नीट सांगणं. मज्जातंतूतून सूचना मणक्यात जाते, तिथनं मेंदूत, मेंदू धोका किती ते ठरवतो, आणि बरेच दिवस असं चाललं की ही सगळी यंत्रणा इतकी हळवी होऊन बसते की जखम भरली तरी दुखायचं थांबत नाही.

बाहेर यावर चांगलं काम झालंय, बेल्जियममध्ये ६ ते १२ वर्षांच्या मुलांना हे शिकवायला पटावरचा खेळ केलाय. पण इंग्रजी व्हिडिओ दाखवायला गेलं की त्यात या हळव्या यंत्रणेला उदाहरण म्हणून घराच्या छताला धूर ओळखणारा स्मोक अलार्म असतो, आग नसताना नुसता ब्रेड करपला तरी वाजतो. आमच्याकडे चुलीचा धूर रोजचाच, अलार्म बघितलाय कुणी? पाचवीतल्या एका पोरीनं ते चित्र बघून विचारलं, "टीचर, हा बल्ब आहे का?" आणि मी मेंदू हा शब्द काढला की आईचा चेहराच उतरतो, "म्हणजे डोक्यात बिघाड आहे म्हणताय काय?" मागनं आजी म्हणते दृष्ट लागलीय. कुठनं सुरुवात करू सांगा की.

येळ्ळूरकर मास्तर

ताई, अलार्म सोडा आणि राखणीचं कुत्रं घ्या. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांच्या दारात कुत्रं आहे. एकदा रात्री चोर येऊन गेला की पुढं काय होतं ते त्यांना सांगावं लागत नाही, पान हललं तरी भुंकतंय, दूधवाल्यावर भुंकतंय, घरचा माणूस उशिरा आला तरी भुंकतंय. चोर कधीच गेला पण कुत्रं अजून जागंच. ते खोटं भुंकत नाही, त्याला खरंच धोका वाटतोय, म्हणून मारून ते गप होत नाही. रोज थोडं थोडं ओळखीचं करून द्यावं लागतं. तुमचा व्यायाम म्हणजे तेच की, आज दारापर्यंत, उद्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत. पोरांनाच चित्र काढायला लावा, तुम्ही छापील आणू नका, स्वतः काढलेलं कुत्रं ती विसरणार नाहीत.

फक्त ज्या पोराला कुत्रं चावलंय त्याला हे सांगू नका, आधी विचारून घ्या.

निपाणीची आई

मास्तरांचं पटलं, पण मी आईच्या बाजूनं सांगते. माझ्या मुलाचं पोट दुखायचं, शाळा बुडायची, एका डॉक्टरांनी त्याच्या समोरच सांगितलं की काही नाही, नाटक करतोय. त्या दिवसापासून त्यानं दुखतंय म्हणून सांगायचंच बंद केलं आणि जेवण कमी केलं. नंतर ज्या मॅडम भेटल्या त्यांनी पहिलं वाक्य हे बोललं की "तुझं दुखणं खरं आहे, मला मान्य आहे." मेंदू, नसा सगळं त्यानंतर. हा क्रम चुकवू नका हो ताई, कारण "रिपोर्ट नॉर्मल" एवढंच ऐकलं की घरच्यांना वाटतं पोरगं खोटं बोलतंय.

आणि आजीला बाहेर बसवू नका. आमच्या सासूबाई त्याला तेल लावून दिवसभर झोपवून ठेवायच्या, हलू नको म्हणायच्या, त्यांना वाटायचं हीच माया. मॅडमनी त्यांनाच आत बोलावलं, दृष्टीबद्दल अवाक्षर काढलं नाही, मीठमोहरी ओवाळायची तर ओवाळा म्हणाल्या, पण तेल लावून झालं की नातवाला मारुतीच्या देवळापर्यंत चालवत न्यायचं काम तुमचं. आजीला मान मिळाला आणि पोरगं अंथरुणातनं उठलं. मी शंभरदा सांगून जे झालं नसतं ते झालं.

सिस्टर, चिकोडी

मी मुलांच्या वॉर्डात होते, त्यावरनं सांगते. किती दुखतंय हे विचारताना चेहऱ्यांचा तक्ता वापरतो ना, तो २००१ मध्ये सुधारून आलेला सहा चेहऱ्यांचा घ्या, त्यात हसू पण नाही आणि अश्रू पण नाहीत. रडका चेहरा असला की आमची मुलं, त्यातल्या त्यात तालमीत जाणारी, त्यावर बोटच ठेवत नाहीत, वडील शेजारी उभे असले तर नाहीच नाही. थोडा वेळ एकट्याला विचारा.

दुसरं, कुत्र्याची गोष्ट सांगायच्या आधी खरा चोर नाही ना हे बघून घ्यायचं. ताप, वजन उतरणं, सांधा सुजणं, शौचातून रक्त, रात्री दुखण्यानं झोपेतनं उठणं, यातलं काही असेल तर आधी बालरोगतज्ज्ञ. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये मुलांच्या जुन्या दुखण्यावर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात पण व्यायाम, मानसिक आधार आणि गरज असेल तिथं औषध, असं घरच्यांना धरूनच करायला सांगितलंय. नुसत्या गोळीवर नाही आणि नुसत्या समजुतीवर पण नाही.

फिजिओताई, खानापूर

मास्तर, कुत्रं घेतलं. उद्यापासून पोरांच्या हातात खडू देते आणि भिंतीवरचं ते अलार्मचं पोस्टर काढते. निपाणीच्या ताई, तुमचं वाचून थांबले थोडा वेळ, पहिल्या भेटीत आजीसाठी पण खुर्ची ठेवणार. सिस्टर, तक्ता बदलते आणि वडलांना पाच मिनिटं बाहेर चहाला पाठवते.

आता एक मदत पाहिजे. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी घरांत आई मराठी बोलते आणि वडलांकडचे कानडी, घरी गेल्यावर गोष्ट दोन्हीकडे तशीच पोचली पाहिजे. मी मराठीत एक पानभर लिहून इथं टाकते, खेड्यात बोलतात तसल्या कानडीत कुणी उतरवून देईल का? पुस्तकी कानडी नको, धारवाडकडची बोली चालेल.