बेळगावच्या उद्यमबागेत दवाखान्याचे बेड, व्हीलचेअर बनवायचं डोक्यात आहे, जमेल का?

जॉबवर्कवाला
नमस्कार मंडळी. उद्यमबागेत आमचं छोटं युनिट आहे, दोन सीएनसी, एक म्हातारं लेथ आणि शेजारच्या गाळ्यात भावाचं फॅब्रिकेशन. आजवर हायड्रॉलिकचे पार्ट, फौंड्रीच्या कास्टिंगचं मशीनिंग असलंच करत आलोय, पार्टी रेट पाडत्या आणि पेमेंटला तीन-तीन महिने लावत्या, त्याला आता लई कंटाळलोय. मध्यंतरी बाबांना पॅरालिसिस झाला तेव्हा घरी भाड्यानं फाउलर बेड आणलेला. पाठ वर करायचं हँडल नुसतंच गरागरा फिरायचं, बेड काय हलायचा नाही. खाली झोपून बघितलं तर स्क्रूला साधे व्ही आटे, नट पण लोखंडाचाच, ग्रीसचा पत्ता नाही, नटातले आटे पार सपाट झालेले. तिथं जड वजन पेलणारे आटे, म्हणजे स्क्वेअर थ्रेड नाहीतर अ‍ॅक्मी काढून गनमेटलचा (तांब्या-कथलाच्या मिश्रधातूचा) नट टाकला असता तर वर्षानुवर्षं बघायला लागलं नसतं आणि हे काम आपण रोजच करतोय की. तर बेड, व्हीलचेअर, सलाईन स्टँड, वॉकर असं काहीतरी चालू करावं म्हणतोय, खानापूर-चंदगड भागातल्या माणसाला परवडेल अशा भावात. लायसन लागतं का? आणि मेन म्हणजे घेणार कोण?

बायोमेड तात्या
मी दवाखान्यातली मशिनं दुरुस्त करतो म्हणून सांगतो. आधी लायसनचं. १ एप्रिल २०२० पासून सगळीच वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याखाली आलीत, त्याआधी ठराविकच होती. जोखमीप्रमाणं ए, बी, सी, डी असे चार क्लास. ए आणि बी बनवायचं असेल तर राज्याच्या औषध खात्याकडं जायचं, सी आणि डी असेल तर थेट केंद्राकडं. त्यातही ए क्लासमधलं जे निर्जंतुक करून विकायचं नसतं आणि ज्यानं काही मोजायचं नसतं त्याला लायसनमधून सूट आहे, पोर्टलवर स्वतः नोंदणी करून नंबर घ्यायचा. साधी ढकलायची व्हीलचेअर, हँडलवाला बेड ह्यात बसतात. पण सूट आहे म्हणून कसंही बनवून चालत नाही, कुठल्या लॉटचा पाईप, कोणी वेल्डिंग केलं, कुठं विकलं ह्याचं रेकॉर्ड ठेवायला पाहिजे. मोठे दवाखाने आयएसओ १३४८५, म्हणजे वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्याचं दर्जाचं सर्टिफिकेट, मागतातच. मोटरच्या बेडच्या नादाला सुरुवातीला लागू नको, करंट लिकेजपासून सगळ्या टेस्ट मागं लागतात.

आता आटे तू बघितलासच, बाकीचं मी सांगतो. बेड सगळ्यात आधी चाकात, म्हणजे खालच्या फिरत्या कॅस्टरमध्ये, मरतो. कॅस्टरच्या अ‍ॅक्सलला केस, कापसाचे धागे, बँडेजच्या दोऱ्या गुंडाळून गुंडाळून चाक जाम होतं, मग वॉर्डबॉय बेड ओढतच नेतात आणि कॅस्टरची पिनच वाकते. दुसरं म्हणजे हायपोक्लोराईट, जंतू मारायचं ब्लीच. रोज त्यानंच पुसतात, पावडर कोटिंगला वेल्डिंगपाशी जरा जरी टवका उडाला की आतनं गंज धरतो. स्टेनलेस स्टील (एसएस ३०४) वापरलं तरी हायपो पुसून पाणी मारलं नाही तर त्याला पण खड्डे पडतात, डीलर काहीही सांगू देत. पाईपची उघडी टोकं बंद कर, आत पाणी साठतं. आणि हँडल वापरून झालं की आत दुमडलं पाहिजे, बाहेर राहिलं की सिस्टरच्या नडगीला लागतं आणि मग त्या तुझ्या बेडला रोज शिव्या घालणार.

निपाणीच्या डॉक्टरीणबाई
तात्या, नडगीचं अगदी खरं.
आमचा छोटा दवाखाना आहे. तुम्ही सगळे भाव भाव करताय पण आम्हाला जास्त त्रास होतो तो बंद पडल्यावर. एका डीलरकडनं बेड घेतलेले (नाव नको), दोन चाकं गेली, तर फोनवर "मॅडम पार्ट मागवलाय" एवढंच ऐकत बसले, शेवटी गावातल्याच वेल्डरनं भलतीच चाकं बसवून दिली आणि आता बेड एका बाजूला कलतो. बेळगावहून तासा-दीड तासात माणूस येऊन नट बदलून जाणार असेल तर मी दोन पैसे जास्त देईन. तुमची खरी जमेची बाजू ही आहे, स्वस्ताई नंतर.

आणि घेणार कोण हे आधी ठरवा, मग पाईप आणा. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयवाल्यांनी १९९२ मध्ये ऑरोलॅब काढून डोळ्यात बसवायचं लेन्स स्वतः बनवायला घेतलं. तोवर बाहेरून येणारं लेन्स गरिबाला परवडायचं नाही, मोतीबिंदू काढला की हातात जाड भिंगाचा चष्मा. लेन्सची किंमत कितीतरी पटीनं उतरली, पण त्यांचं पहिलं गिऱ्हाईक घरातच होतं, स्वतःच्याच ऑपरेशन थिएटरमध्ये रोज लागणारा माल. तुम्हाला असं घरचं थिएटर नाही, मग निदान दोन-चार दवाखाने तरी बांधून घ्या. नवे बेड बनवण्याआधी आमचे जुने दुरुस्त करायला या, काय काय मोडतं ते फुकटात शिकाल आणि ओळख पण होईल.

सीमाभागातला
परवडणारे उपचार म्हणे 😄 महाराष्ट्र सरकारनं २०२३ ला महात्मा फुले जनआरोग्य योजना कर्नाटकातल्या आपल्या ८६५ गावांना (महाराष्ट्र दावा सांगतो ती) लावतो म्हटलं, कर्नाटक सरकारनं हरकत घेतली, आणि पेशंट मधल्यामधी लटकतोय. बेडचं काय घेऊन बसलाय.

जॉबवर्कवाला
भावा त्याचा वेगळा धागा काढ की, तिथं येतो भांडायला. इथं बेडचंच राहू दे.

हिशोबनीस
माझे दोन शब्द. बाहेरचा माल महाग वाटतो त्यातला बराचसा पैसा बनवणाऱ्याकडं जातच नाही. कोरोनात २०२१ ला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरच्या व्यापारी नफ्यावर सरकारला ७० टक्क्यांची मर्यादा घालायला लागली, त्यावरनं समजा आधी काय चाललं असेल. म्हणजे तुम्ही पण माल डीलरच्या गळ्यात मारला तर शेवटच्या माणसाला स्वस्त मिळणारच नाही, थेट दवाखान्याला नाहीतर भाड्यानं देणाऱ्याला विका. भाड्याचं मार्केट बारकाईनं बघा. फ्रॅक्चर, पॅरालिसिस, म्हातारी माणसं, ह्यांना दोन-चार महिन्यांपुरताच बेड लागतो, विकत कोण घेतंय, आणि भाड्यावाल्याला तर मोडला की लगेच दुरुस्त करणारा पाहिजेच असतो.

टॅक्सचं: व्हीलचेअरवर जीएसटी ५ टक्के पण तुम्ही आणणार त्या पाईपवर १८. जास्तीचा टॅक्स रिफंड मागता येतो, पण तो हातात येईपर्यंत भांडवल अडकतं, रेट काढताना ते धरा. बेडचा एचएसएन (टॅक्ससाठीचा मालाचा कोड) वेगळा पडतो, आपल्या सीएला विचारूनच बिल फाडा. उद्यम नोंदणी (सरकारकडची छोट्या उद्योगांची नोंदणी) नसेल तर आजच करून टाका, टेंडरला अनामत भरण्यात बऱ्याच ठिकाणी सवलत मिळते. आणि कायद्यानं तुमच्यासारख्याचं पेमेंट ४५ दिवसांच्या आत व्हायला पाहिजे, तुमच्या आत्ताच्या पार्ट्यांना पण हे एकदा ऐकवा. कर्नाटकातल्या सरकारी टेंडरची कागदपत्रं कन्नडमध्ये पण येतात, वाचणारा माणूस जवळ ठेवा, अंदाजानं सही करू नका.

जॉबवर्कवाला
सगळ्यांना धन्यवाद. भाऊ म्हणतोय आधी दुरुस्तीच धरू, व्हीलचेअर नंतर. मॅडम, तुमच्या त्या कललेल्या बेडपासूनच सुरुवात करतो, मेसेज टाकलाय बघा. तात्या, धागे अडकू नयेत म्हणून चाकाला दोन्ही बाजूनं झाकण असलेले कॅस्टर येतात का? का आपणच पत्र्याची वाटी दाबून बसवायची?

बायोमेड तात्या
येतात, थ्रेड गार्डवाले म्हणून माग. बेडला १२५ एमएमचे घे आणि निदान दोनला तरी ब्रेक पाहिजे, तिरप्या समोरासमोरच्या कोपऱ्यात. पत्र्याची वाटी नको, कडेनं हात कापतो.